मोटार भरणाऱ्या बायका आणि मोटार उघडणारे पुरुष

कृष्णाकाठची

सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माझे विजेच्या मोटारी दुरुस्त करण्याचे दुकान आहे. शेतीपंपाच्या मोटारी, पिठाच्या गिरणीच्या मोटारी आणि उन्हाळा लागला की बोअरमधून वर काढलेले सबमर्सिबल पंप असे काम प्रामुख्याने येते. याच संकेतस्थळावरच्या एका जुन्या चर्चेत कोणीतरी लिहिले होते की, बायकांची बोटे नाजूक असतात, त्यामुळे वाइंडिंगचे, म्हणजे मोटारीत तांब्याची तार भरण्याचे, काम त्यांना पुरुषांपेक्षा चांगले जमते. लिहिणाऱ्याचा हेतू कौतुकाचाच होता यात शंका नाही. परंतु या धंद्यातील बायका वर्षानुवर्षे एकाच बाकावर अडकून राहण्यामागे हेच कौतुक आहे, असे माझे मत झाले आहे आणि त्याची कारणे सविस्तर मांडावीत म्हणून हा धागा काढत आहे.

ज्यांनी हे काम जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. जळालेली मोटार दुकानात आली की तिची झाकणे काढून रोटर (फिरणारा भाग) बाजूला ठेवतात, स्टेटरमधील (स्थिर भागातील) करपलेली तार कापून उपसून काढतात, खाचा साफ करून त्यांत वीज रोखणारा लेदरॉइड पेपर घालतात, फरम्यावर (साच्यावर) मोजून गुंडाळलेली कॉइल एकेका खाचेत तारा न सोलवटता बसवतात, वरून बांबूची पट्टी सरकवतात, जोड काढून त्यांवर स्लीव्ह चढवतात, कॉइलींची डोकी दोऱ्याने आवळून बांधतात आणि शेवटी सगळ्याला व्हार्निश पाजून भट्टीत सुकवतात. सबमर्सिबलच्या मोटारीत बहुधा पाणी भरलेले असते, त्यामुळे तिथे व्हार्निश नसते. प्लास्टिकचे आवरण असलेली जाड तार एकेक वेढा ओवून भरावी लागते आणि ओवताना कुठे ओरखडा गेला तर सगळे काम वाया जाते. याला आमच्याकडे मोटार भरणे म्हणतात. हे काम बैठे आहे, दुकानाच्या आतल्या खोलीत होते, गिऱ्हाइकासमोर यावे लागत नाही आणि मजुरी नगावर किंवा भरलेल्या तारेच्या वजनावर ठरते. म्हणून ते बाईला द्यायला कोणाचीच हरकत नसते.

या धंद्यातला दुसरा भाग म्हणजे मोटार का जळाली हे ओळखणे, आणि दुकानाचे नाव त्यावर चालते. थ्री फेजच्या मोटारीला विजेच्या तीन तारा, म्हणजे तीन फेज लागतात आणि तिच्या कॉइली एकमेकींना स्टार किंवा डेल्टा अशा दोन पद्धतींनी जोडतात. स्टार जोडणीच्या मोटारीत दोन फेजच्या कॉइली काळ्या पडल्या असतील आणि तिसऱ्या फेजच्या कॉइली जशाच्या तशा असतील, तर चालू मोटारीचा एक फेज गेला होता आणि ती उरलेल्या दोनांवर ओढत राहिली, हे उघडल्याबरोबर कळते. डेल्टा जोडणीत नेमके उलटे होते. तिथे एका फेजच्या कॉइली जळतात आणि दोन वाचतात. सगळ्याच कॉइली सारख्या करपलेल्या असतील तर व्होल्टेज कमी होते, लोड जास्त होता किंवा पंप जाम झाला होता. खाचेच्या तोंडाशी एकाच जागी तांबे वितळल्याचा मणी दिसला तर तिथे तार लोखंडाला लागलेली असते. स्टेटरच्या पत्र्यांवर आतून घासल्याच्या चकचकीत रेघा असतील तर दोष तारेचा नाहीच. बेअरिंग संपले होते आणि रोटर स्टेटरला खात होता.

हे न ओळखता मोटार नुसती भरून दिली तर थोड्याच दिवसांत शेतकरी तीच मोटार ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकून परत आणतो, कारण त्याच्या स्टार्टरमधला झिजलेला कॉन्टॅक्ट किंवा डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरजवळचा) सैल जंपर, म्हणजे जोडतार, तसाच राहिलेला असतो. अशा वेळी "भरणारीने नीट भरली नाही" असे म्हणून दोष आतल्या बाकावर बसलेल्या बाईच्या माथी मारला जातो. तिने ती मोटार जळालेल्या अवस्थेत पाहिलेलीच नसते! तिच्यासमोर येतो तो तार काढून स्वच्छ केलेला स्टेटर. करपलेल्या कॉइली, ज्यांत सगळी हकीकत लिहिलेली असते, त्या तोवर भंगाराच्या पोत्यात गेलेल्या असतात.

मी आयटीआयमध्ये वीजतंत्रीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून एका दुकानात लागले. मालक सज्जन होते, मजुरी वेळेवर देत, परंतु मोटार उघडण्याचे काम बाहेरच्या फळीवर चाले आणि तिथे मुलगेच असत. माझ्यानंतर आलेला, जोडणीचा नकाशाही न वाचता येणारा मुलगा वर्षभरात उस्तादांबरोबर विहिरींवर जाऊ लागला. मी मात्र आतच होते. बाहेर येण्यासाठी मी भांडले नाही. मला एक व्यावहारिक कारण सापडले. मोटार भरायची तर जुन्या कॉइलीचे वेढे, तारेचा गेज आणि कॉइलीची पिच, म्हणजे ती किती खाचा ओलांडून बसली आहे ते, लिहून घ्यावे लागते आणि मुलगे हे आकडे घाईघाईत, कधी कधी अंदाजाने टिपत. आकडा चुकला तर मोटार फिरते, पण तापते आणि जास्त करंट खाते. जी भरणार तिनेच आकडे घ्यावेत, असे मी मालकांना सांगितले आणि त्यांना ते पटले. तेव्हापासून जळालेल्या मोटारी माझ्या हाती येऊ लागल्या. आकड्यांच्या वहीत मी आणखी एक रकाना आखला आणि त्यात कोणत्या कॉइली कशा जळाल्या हे लिहू लागले. पुढे गिऱ्हाईक मोटार न्यायला आले की मालक मला बाहेर बोलावून "हिला विचारा काय झालं होतं ते," असे म्हणू लागले. माझ्या स्वतःच्या दुकानाची खरी सुरुवात त्या रकान्यापासून झाली असे मी समजते.

वर्तमानपत्रांत अधूनमधून 'पहिली महिला मेकॅनिक' अशा मथळ्याच्या बातम्या येतात आणि त्यांत धाडस, जिद्द, पुरुषांच्या खांद्याला खांदा असे शब्द असतात. माझ्या अनुभवात जिद्दीचा वाटा फार थोडा आहे. दुकानातील कोणते काम कोणाच्या हाती पडते यावर सगळे ठरते. या क्षेत्रात असलेल्या किंवा येऊ पाहणाऱ्या इतरांचे अनुभव वाचायला आवडतील.

यंत्रमागनगरी

ताई, तुमचे लेखन वाचून आमच्या घरातला आतला बाक डोळ्यांसमोर आला. इचलकरंजीत यंत्रमागांच्या छोट्या मोटारींची कामे सतत असतात. आमच्या घरी वडिलांचे दुकान पुढे आणि आईचा बाक मागे, अशी मांडणी होती. एक एचपीची मोटार आई स्वयंपाकाच्या मधल्या वेळेत भरून ठेवत असे. दुकानाच्या पाटीवर आणि पावतीपुस्तकावर वडिलांचे नाव होते, बँकेचे खाते त्यांचे होते आणि कारागीर म्हणून शहरात नावही त्यांचेच होते. वडील वारल्यावर दुकान बंद झाले, कारण आईला काम येते हे घराबाहेर कोणालाच ठाऊक नव्हते. तिच्याकडे आपले काम दाखवणारा एकही कागद नव्हता.

निवृत्त_निदेशक

मी शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्री व्यवसायाचा शिल्प निदेशक होतो. धागाकर्तीने मांडलेला मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो आणि त्याला प्रशिक्षणाच्या बाजूने थोडी पुरवणी जोडतो.

आपल्या राज्यातील आयटीआयमध्ये 30 टक्के जागा महिलांसाठी राखीव असतात आणि काही ठिकाणी केवळ महिलांच्या स्वतंत्र संस्थाही आहेत. वर्गात आणि कार्यशाळेत मुली मागे पडतात असे मला कधी दिसले नाही. खरी गळती संस्थेतून बाहेर पडल्यावर होते. शिकाऊ उमेदवार अधिनियम 1961 अन्वये उमेदवारी मिळवून देण्यासाठी आम्ही कारखान्यांना आणि दुकानांना याद्या पाठवत असू आणि पलीकडून फोन येई, "सर, यातली मुलंच तेवढी पाठवा." कारण विचारले की कायद्याचे नाव पुढे केले जाई.

कायद्यात काय होते ते सांगतो, कारण त्याचा गैरसमज अजूनही टिकून आहे. कारखाने अधिनियम 1948 च्या कलम 22 मध्ये, यंत्र चालू असताना त्याची सफाई, वंगण किंवा जुळवणी करण्याचे काम स्त्रियांना देऊ नये, अशी तरतूद होती. ती चालू यंत्रापुरती होती. बंद करून बाकावर घेतलेल्या मोटारीशी तिचा काही संबंध नव्हता. तरीही 'दुरुस्ती खात्यात बाई नको' असा तिचा सोयीस्कर अर्थ लावला जाई. कलम 66 मध्ये स्त्रियांना संध्याकाळी 7 ते सकाळी 6 या वेळेत कामावर ठेवण्यास मनाई होती आणि दुरुस्तीची पाळी तर बहुतेक रात्रीच असते, कारण दिवसा यंत्रे उत्पादनात असतात. त्यामुळे देखभाल विभागात मुली घेतल्याच जात नसत. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता 2020 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आणि तिच्या कलम 43 नुसार स्त्रियांना सर्व प्रकारच्या कामांवर नेमता येते. रात्रीच्या कामासाठी त्यांची संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था आवश्यक आहे.

अर्थात, चार-पाच माणसांच्या रिवाइंडिंगच्या, म्हणजे मोटारी नव्याने भरण्याच्या, दुकानाला ना ती जुनी बंदी लागू होती, ना नवी संहिता लागू आहे. अशा दुकानात काम करणाऱ्या मुलींना एक माहिती असावी. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार दहापेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, साधारणपणे तीन महिन्यांच्या आत, करता येते. आमच्या काळी हे सांगायला कोणी नव्हते. आताही संस्थेतून बाहेर पडताना प्रमाणपत्राबरोबर ही माहिती क्वचितच दिली जाते.

उसवाला

माझा आक्षेप कृपया चांगल्या अर्थाने घ्यावा. मी शेतकरी आहे आणि मोटार कोण भरते याच्याशी मला काही देणेघेणे नाही. ती चालली म्हणजे झाले. परंतु बोअरमधला पंप वर काढणे, विहिरीत उतरून फूटव्हॉल्व्ह (पाइपाच्या तळाची झडप) पाहणे, थ्री फेज विजेची पाळी रात्रीची असताना अंधारात स्टार्टर तपासणे ही कामे बायकांना कशी जमतील? मिस्त्री म्हटले की तो बांधावर आला पाहिजे. दुकानात बसून सांगणारा आम्हाला उपयोगाचा नाही.

कृष्णाकाठची

दादा, आक्षेप रास्त आहे आणि हे प्रश्न मला गिऱ्हाइकांनी समोरासमोरही विचारले आहेत.

बोअरमधला पंप कोणताही पुरुष एकट्याने काढत नाही. तिपाई उभी करावी लागते, चेन-कप्पी लावावी लागते, एकेक पाइप वर आला की खालच्या पाइपाला क्लँप आवळून मगच वरचा सोडवावा लागतो आणि केबल सोलवटू नये म्हणून एक माणूस केवळ तीच सांभाळत असतो. त्या टोळीतली माणसे तुमच्याच गावची असतात आणि मिस्त्री बहुतेक वेळा बाजूला उभा राहून सूचना देत असतो. हा अधिकार मला मिळायला वेळ लागला. वजन पेलण्याचा प्रश्न तिथे नव्हताच. क्लँप नीट बसल्याशिवाय पाइप सोडायचा नाही असे एखाद्या बाईने ओरडून सांगितले तर गडी ऐकतील का, एवढाच होता. आता ऐकतात. कोणी ऐकले नाही तर मी काम थांबवते, कारण पंप एकदा बोअरमध्ये निसटला की तो काढण्याचा खर्च नव्या पंपाच्या खर्चाशी स्पर्धा करतो.

रात्रीच्या कामाबद्दल तुमचे म्हणणे मला मान्य आहे. अनोळखी वस्तीवर मी रात्री जात नाही. परंतु रात्रीच्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारी फोनवर निकाली निघतात, असा माझा अनुभव आहे, फक्त योग्य प्रश्न विचारावे लागतात. मोटार नुसती गुणगुणते आणि फिरत नाही असे सांगितले की मी पहिल्यांदा स्टार्टर बंद करायला सांगते, कारण एक फेज नसताना बटण पुन्हा पुन्हा दाबणे म्हणजे मोटार हाताने जाळणे होय. मोटार फिरते पण पाणी येत नाही असे असेल तर डीपीवर फेज उलटसुलट जोडले गेले आहेत का, किंवा फूटव्हॉल्व्ह गळून पंप हवेवर फिरतो आहे का, हे पाहायचे असते आणि त्याला सकाळ उजाडेपर्यंत थांबता येते. तीन फेजचा करंट वेगवेगळा दाखवत असेल तर मोटार चालवू नका, एवढा सल्ला पुरेसा असतो. पाच एचपीच्या मोटारीला पूर्ण लोडवर साधारण सात-साडेसात अँपियर लागतात, हा आकडा माझ्या बहुतेक गिऱ्हाइकांनी स्टार्टरच्या पेटीवर खडूने लिहून ठेवला आहे. दिवसा मी बांधावर येते. करंट मोजणारा टाँग टेस्टर आणि तारेचे आवरण शाबूत आहे का ते दाखवणारा मेगर माझ्या स्कूटीच्या डिकीत कायम असतात.

शिसपेन्सिल

धागा वाचताना सुधा मूर्ती यांचा 1974 चा प्रसंग आठवला. टेल्कोच्या (आजच्या टाटा मोटर्सच्या) जाहिरातीत महिलांनी अर्ज करू नये असे छापले होते, त्यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिले आणि पुढे त्या कंपनीत रुजू झाल्या. तसेच दिल्लीच्या संजय गांधी ट्रान्सपोर्ट नगरात ट्रकची टायरे उतरवून पंक्चर काढणाऱ्या शांती देवी यांच्यावर पूर्वी बरेच लिहून आले होते. अशी उदाहरणे मुलींना दाखवली तर त्या या क्षेत्रात येतील असे वाटते. आपले काय मत आहे?

कृष्णाकाठची

दोन्ही उदाहरणे मोठी आहेत, परंतु ती माझ्या मुद्द्याला पूर्णपणे लागू होत नाहीत असे वाटते. मोठ्या कंपनीत दार एकच असते. जाहिरातीतली ती ओळ खोडली गेली की आत शिरलेल्या अभियंत्याला तिचे पद, पगार आणि कामाची व्याख्या लेखी मिळते. आमच्या धंद्यात दारावर काहीच लिहिलेले नसते आणि आत येऊ नको असे कोणी म्हणतही नाही. उलट "या, बसा, भरा" असे म्हणतात. अडवणूक कुठे आहे हे पोस्टकार्डावर लिहिण्याइतके स्पष्ट दिसत नाही.

शांती देवींचे उदाहरण मला अधिक जवळचे वाटते, कारण त्यांचे काम रस्त्याकडेला, सगळ्यांच्या देखत चालत होते. ट्रकवाला गाडी थांबवतो आणि समोर कोण टायर उतरवते आहे ते पाहतो, त्यामुळे काम कोणाचे आहे याबद्दल त्याच्या मनात संशय राहत नाही. इचलकरंजीच्या ताईंच्या आईंना नेमके हेच मिळाले नाही. माझ्या दुकानात आता भरण्याचा बाकही दर्शनी भागात आहे आणि आतल्या खोलीत फक्त भट्टी व व्हार्निशचे पिंप आहे. यात गैरसोय आहे, धूळ येते आणि ती तारेवर बसू नये म्हणून कापड टाकावे लागते; तरीही मी ते तसेच ठेवले आहे.

सौरऊर्जा_नगर

थोडा वेगळा मुद्दा मांडतो. मी अहिल्यानगर जिल्ह्यात सौर कृषिपंपांच्या देखभालीचे काम पाहतो. केंद्राच्या पीएम-कुसुम आणि राज्याच्या योजनांमुळे गावोगाव सौरपंप बसले आहेत. हे पंप सूर्यप्रकाशावर चालत असल्याने तक्रारीही दिवसाच येतात आणि दोष बहुतांश वेळा कंट्रोलरमध्ये, केबलच्या जोडात किंवा पॅनेलच्या कनेक्टरमध्ये सापडतो. रात्रीच्या पाळीचे कारण इथे उरत नाही. आमच्याकडे मुलींचे अर्ज येतात, परंतु कंपनी त्यांना कॉल सेंटरवर तक्रारी नोंदवायला बसवते आणि शेतावर मुलांनाच पाठवते. म्हणजे क्षेत्र नवे आले तरी आतला बाक नवा तयार झालाच.

कृष्णाकाठची

अगदी बरोबर. तक्रार नोंदवणाऱ्या त्या मुलींना शेतावर काय सापडले हे नंतर कळवले जाते का? कळत असेल तर त्या थोड्याच काळात उत्तम निदान करू लागतील, कारण दोषाचे वर्णन सर्वांत आधी त्यांच्याच कानावर पडते. कळत नसेल तर निदान तेवढी सोय आपण करून द्यावी. तक्रारीच्या नोंदीत 'प्रत्यक्ष सापडलेला दोष' असा एक रकाना वाढवणे आपल्या अधिकारात असेल असे वाटते.

सौरऊर्जा_नगर

सध्या कळवले जात नाही. शेतावरून परतलेला मुलगा अहवाल थेट गोदामात देतो, कारण सुटा भाग तिथून मिळतो. रकाना वाढवता येईल. पुढच्या आठवड्यात विचारून पाहतो.

भाचीचा_मामा

माझी भाची यंदा वीजतंत्रीची अंतिम परीक्षा देत आहे. गावातल्या एका रिवाइंडिंगच्या दुकानात तिला घ्यायला तयार आहेत. रुजू होण्यापूर्वी काय ठरवून घ्यावे? पगाराची अपेक्षा आम्ही फार ठेवलेली नाही.

कृष्णाकाठची

पगाराची अपेक्षा जरूर ठेवावी. नगावर मजुरी मान्य केली तर ती जितकी भराभर भरेल तितके मालक तिला बाकावरून उठू देणार नाहीत. सुरुवातीची काही वर्षे महिन्याचा पगार ठरवावा, थोडा कमी असला तरी चालेल.

ती जी मोटार भरणार ती तिनेच उघडायची, हे पहिल्या दिवशीच बोलून घ्यावे आणि त्याला वेढे-गेज-पिच अचूक घेण्याचे कारण द्यावे, कारण ते मालकाच्या फायद्याचे आहे. आकड्यांची वही तिची स्वतःची असावी. दुकानाची वही वेगळी असेल तर दोन्हीकडे लिहावे. मेगर कसा धरायचा हे तिला आयटीआयमध्ये शिकवलेले असेलच. दुकानात भरून झालेल्या मोटारीची चाचणी तिच्या हाताने होते का ते विचारावे, कारण बऱ्याच ठिकाणी ती चाचणी दुसराच कोणीतरी करतो. आणि आठवड्यातून एकदा तरी उस्तादांबरोबर साइटवर जायला मिळेल का, हे मामा म्हणून आपण नव्हे, तिने स्वतः विचारलेले बरे. पहिल्या भेटीत मामा बोलला तर मालक पुढची सगळी वर्षे मामाशीच बोलतो.

वायरमनचा परवाना काढण्यासाठी लागणारा अनुभवाचा दाखला कोण आणि कोणत्या नोंदींवरून देतो, हेही त्याच वेळी विचारावे. निवृत्त निदेशक सरांनी यावर लिहावे अशी विनंती आहे. नियम त्यांना माझ्यापेक्षा चांगले माहीत असतील.